व्हेपचे किट किती दिवस टिकते? एका कामगार पोराचा हिशेब



गेल्या महिन्यात डहाणूच्या एका वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना आटोपली. चटया गुंडाळून झाल्या, बायका घरी निघाल्या, तरी एक पोरगा दाराशी घुटमळत होता. "ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?" असे त्याने दोनदा विचारले, तेव्हाच मला वाटले की गोष्ट विडी-काडीची असणार. मग तो म्हणाला, "ते व्हेपचं किट असतं ना, नवीन माणसासाठीचं, ते किती दिवस टिकतं? पैसे वसूल होतात का त्यात?"

पोरगा बावीस वर्षांचा. सकाळच्या गाडीने उंबरगावला जीआयडीसीत कामाला जातो. दिवसाला आठ सिगारेटी ओढतो. बरोबरच्या एकाने त्याला सांगितले होते, "एकदा अठराशे रुपये टाक, किट घे, सिगारेटचा खर्च संपला." मी सोळा वर्षे वॉर्डात काढली आहेत, त्यामुळे पहिला शब्द रागाचाच तोंडावर आला. तो गिळला. कारण पोराने प्रश्न कामगारासारखा विचारला होता. पगारातून अठराशे रुपये काढण्याआधी वस्तू टिकेल का, हे विचारणारा माणूस शहाणाच. त्याला "वाईट आहे, करू नको" एवढेच सांगून परत पाठवले असते, तर तो थेट त्या मित्राकडेच गेला असता.

म्हणून आम्ही दोघे पायरीवर बसलो आणि हिशेब मांडला. पुढच्या आठवड्यात त्याचा मित्रही आला, त्याचे बंद पडलेले किट घेऊन. डहाणूत आणि तलासरीत आणखी चार-पाच घरांतून हाच प्रश्न आल्यामुळे तो हिशेब इथे सगळ्यांसाठी लिहिते आहे.

ही वस्तू आहे तरी काय

बऱ्याच आयांनी ही वस्तू पाहिलेली आहे, पण ओळखलेली नाही. ती कधी पेनसारखी दिसते, कधी पेनड्राइव्हसारखी, कधी रंगीत काडेपेटीसारखी. एका मावशींनी तर पोराच्या दप्तरातली ती वस्तू मोबाइलचा चार्जर समजून स्वतः जपून ठेवली होती.

आत चार गोष्टी असतात. एक बॅटरी, मोबाइलमध्ये असते तशीच लिथियमची, फक्त लहान. तिच्यावर एक छोटी टाकी, तिला पॉड म्हणतात. त्या टाकीत लिक्विड. आणि टाकीच्या तळाशी कापसाची वात व तिच्याभोवती बारीक तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल. रॉकेलच्या दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसा हा कापूस लिक्विड ओढतो. झुरका घेतला की बॅटरी तार तापवते आणि लिक्विडचे धुक्यासारखे बारीक थेंब होऊन ते छातीत जातात. पोरे सांगतात की ही नुसती पाण्याची वाफ आहे. ती पाण्याची वाफ नाही. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते, वासाची आणि चवीची रसायने असतात, आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. तंबाखूची सवय लावते ते हेच निकोटिन.

आज विकली जाते तशी ई-सिगारेट २००३ मध्ये चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने काढली. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. म्हणजे सुरुवात सिगारेट सोडण्याच्या इच्छेतून झाली, हे खरे आहे. पुढे आंब्याच्या, कलिंगडाच्या, बबलगमच्या चवी आल्या, आणि गिऱ्हाईक बदलले.

कोणता भाग किती टिकतो

"किट किती टिकते" या प्रश्नाला एक आकडा नाही. प्रत्येक भागाचे आयुष्य वेगळे असते आणि विकणारा त्यातला सर्वांत मोठा आकडा सांगतो.

तो आकडा बॅटरीचा. अशी लिथियमची बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा चार्ज होते, मग तिचा दम कमी होऊ लागतो. रोज एकदा चार्ज केली तर कागदावर वर्ष-दीड वर्ष. पण नवशिका माणूस दिवसभर ओढतो, दिवसातून दोनदा चार्ज करतो, मोबाइलचा जाड चार्जर लावतो, रात्रभर लावून ठेवतो. मग तेच आयुष्य निम्म्यावर येते. चार्जिंगचे भोक सैल होते, कामावर खिशात घाम लागतो, तोही मार असतोच.

कॉइल मात्र एक-दोन आठवड्यांची सोबती. कापूस काळा पडतो, तारेवर थर बसतो आणि झुरक्याला जळका वास येऊ लागतो. लिक्विड जितके गोड, तितका थर लवकर. म्हणजे पोरांना आवडणारी चवच कॉइल लवकर खाते. जळका वास आला की कापूस कोरडा होऊन जळतो आहे असे समजावे. तेव्हा छातीत जाते त्यात फॉर्माल्डिहाइडसारखे विषारी वायू असतात. पैसे वाचवायला पोरे त्याच जळक्या कॉइलवर आणखी आठवडा काढतात. कॉइल पॉडमध्येच पक्की बसवलेली असेल तर पूर्ण पॉड टाकावा लागतो.

लिक्विडची १० मिलीची बाटली असते. दिवसाला दोन मिली ओढणाऱ्याला ती पाच दिवस जाते. म्हणजे ज्याला आपण किट म्हणतो, त्यातला टिकाऊ भाग एकच, बॅटरी. बाकी सगळे महिन्याच्या किराण्यासारखे पुन्हा पुन्हा आणायचे.

आता एकदाच वापरून फेकायच्या रंगीत कांड्या. पोरे "पफ" मोजतात: पाच हजार पफ, दहा हजार पफ. हा आकडा माणसाच्या झुरक्यांचा नसतो. यंत्राला लावून ठरावीक सेकंदांचा झुरका ओढवतात आणि मोजतात. माणूस लांब ओढतो, त्यामुळे त्याच्या हाताला कमीच पफ लागतात. आपल्याकडे चोरून येणाऱ्या मालावर तर तो आकडा कोणी मोजला की नुसताच छापला, हे विचारायला जागाच नाही. ब्रिटनमध्ये कायद्याने टाकी २ मिलीची आणि निकोटिन एका मिलीला २० मिलीग्रॅमपर्यंतच ठेवता येते, तिथे अशा कांडीला सुमारे ६०० पफ धरत. म्हणजे एका कांडीत ४० मिलीग्रॅम निकोटिन. एका सिगारेटमधून शरीरात एक-दोन मिलीग्रॅम जाते. तुम्हीच गुणाकार करा. त्या ब्रिटननेही १ जून २०२५ पासून फेकायच्या कांड्यांची विक्री बंद केली, कारण त्या शाळकरी मुलांच्या हातात गेल्या आणि बॅटऱ्यांचा कचरा आवरेना.

मित्राची वही

पोराचा मित्र हिशेबी निघाला. त्याने चार महिन्यांचा खर्च मोबाइलमध्ये लिहून ठेवला होता. हा एका पोराचा खर्च आहे, पाहणी नव्हे, पण आकडे खरे आहेत म्हणून देते.

पहिले किट १,८०० रुपये. दीड महिन्यात चार्ज होईना. ज्याने विकले त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "गॅरंटी कसली? मी तुला ओळखतच नाही." दुसरे किट १,५००. चार महिन्यांत पॉड आठ लागले, ४०० प्रमाणे ३,२००. लिक्विडच्या चार बाटल्या, ६०० प्रमाणे २,४००. एकूण ८,९०० रुपये.

त्याआधी तोही दिवसाला आठ सिगारेटी ओढायचा, सुटी पंधरा रुपयांना एक. दिवसाचे १२०, चार महिन्यांचे १४,४००. म्हणजे ८,९०० मध्ये काम भागले, साडेपाच हजार वाचले, असे वाटते ना? मी विचारले, "सिगारेट बंद झाली का?" तो खाली बघायला लागला. बंद नव्हती झाली. चहाबरोबर, जेवणानंतर, शिफ्ट सुटल्यावर, दिवसाला चार चालूच होत्या. त्यांचे चार महिन्यांचे ७,२००. दोन्ही मिळून १६,१००. पैसे वाचवायला निघालेल्याचे सतराशे रुपये जास्त गेले, आणि दोन्ही बाजूंनी निकोटिन अंगात जात राहिले.

नव्याने व्हेप घेणारे पुष्कळ जण असेच दोन्हीत अडकतात. सिगारेट विझते तरी. ओढली, संपली, थोटूक टाकले. हे यंत्र विझत नाही. अंथरुणात, संडासात, गाडीच्या दारात, हात खिशात गेला की झुरका. किती ओढले याचा अंदाजच राहत नाही.

गॅरंटी का मिळत नाही

कारण विकणाराच कायद्याबाहेरचा आहे. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणे, परदेशातून आणणे, परदेशात पाठवणे, वाहून नेणे, विकणे, वाटणे, जाहिरात करणे, सगळ्यावर बंदी. ऑनलाइन विक्रीवरही. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. माल साठवून ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तलासरीकडे एक समज आहे की आच्छाडच्या पुढे गेले की चालते. भिलाड, वापी, दमणला कोणी काही बोलत नाही. दमणला दारू स्वस्त म्हणून हीदेखील तशीच असेल, असे पोरांना वाटते. कायदा केंद्राचा आहे. महाराष्ट्र, गुजरात, दमण, तिन्हीकडे तोच. नुसते ओढण्यासाठी त्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही हे खरे. पण "येताना माझ्यासाठी पण एक आण" म्हणून दोन मित्रांची दोन किटे पिशवीत घालून आणणे म्हणजे वाहतूक आणि वाटप. विकणारा मोठा माणूस दुकानात मागे राहतो आणि पिशवी आपल्या पोराच्या खांद्यावर असते. पोलीस ठाण्यात कोणाच्या पोराला आधी बसवतात, हे या पानाच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

बंदीचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा. बाटलीत काय आहे ते तपासणारे कोणी नाही. लेबलवर निकोटिन नाही असे छापले असेल आणि आत भरपूर असेल. लेबल कोऱ्या बाटलीवर नंतर चिकटवलेले असेल. अमेरिकेत २०१९ मध्ये तरुण पोरे अचानक दम लागून दवाखान्यात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना दाखल करावे लागले किंवा त्यांचा मृत्यू झाला, मेलेले ६८. बहुतेकांनी गांजाचा अर्क भरलेली काडतुसे ओढली होती आणि ती मित्राकडून, ओळखीतून, ऑनलाइन घेतलेली होती. त्यात अर्क पातळ करायला ई जीवनसत्त्वाचे तेल घातले होते. खायला चालणारे तेल फुप्फुसात गेले, आणि फुप्फुसाने जबाब दिला. आपल्याकडेही माल मित्राकडून, ओळखीतून आणि ऑनलाइनच येतो.

पण इंग्लंडमध्ये तर सरकारच देते म्हणतात

पोराने मोबाइलवर बघून हा प्रश्न विचारला, आणि तो खोटा नाही. इंग्लंडच्या सरकारने एप्रिल २०२३ मध्ये दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना सुरुवातीचे किट देण्याची योजना जाहीर केली. पूर्ण सिगारेट सोडून त्याऐवजी तपासलेली ई-सिगारेट घेणाऱ्या मोठ्या माणसाला सिगारेटपेक्षा कमी इजा होते, असे तिथले डॉक्टर मानतात, आणि काहींना त्याने सिगारेट सोडायला मदत झाली आहे. कारण जळणाऱ्या तंबाखूच्या धुरातले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात नसते. मी हे लपवणार नाही. लपवले तर पोरगा उद्या माझे कुठलेच बोलणे खरे धरणार नाही.

पण तिथे टाकीवर मर्यादा आहे, निकोटिनवर मर्यादा आहे, बाटली नोंदलेली आहे, सोबत समुपदेशक आहे आणि सिगारेट पूर्ण सोडायची अट आहे. आपल्या पोराच्या हातात यातले काहीच येत नाही, येते ती फक्त वस्तू. शिवाय ज्याने कधी विडीला हात लावला नाही, त्या पंधरा वर्षांच्या मुलाला ही वस्तू कशापासूनच वाचवत नाही. ती त्याला निकोटिनची ओळख करून देते. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या वयात लागलेली सवय जास्त घट्ट बसते, लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. आमच्या या पोराचा धाकटा भाऊ नववीत आहे. किट घरात आले असते तर ते दोघांचे झाले असते.

विहारातल्या एका ज्येष्ठ उपासकांनी मध्येच विचारले, "ताई, हे पाचव्या शीलात बसतं का? यात दारू तर नाही." मी म्हटले, "दादा, तुमच्या खिशातली तंबाखूची पुडी बसते का ते आधी ठरवू." ते हसले आणि पुडी आणखी आत सरकवली.

एका खोलीच्या घरात

आपली घरे लहान. चूल, अंथरूण, दप्तर, औषधे, सगळे एकाच खोलीत. म्हणून दोन गोष्टी नीट वाचा.

पहिली लिक्विडची बाटली. वाडीत कामाला जाणाऱ्या बायांना माहीत आहे की तंबाखूचा काढा करून माव्यावर फवारतात आणि मावा मरतो. त्याला मारणारे ते निकोटिनच. तेच निकोटिन या बाटलीत आहे, त्या काढ्यापेक्षा कितीतरी दाट, आणि वरून स्ट्रॉबेरीचा वास. रांगणारे मूल ती बाटली तोंडाला लावणारच. २०१४ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचे मूल असे लिक्विड पिऊन दगावले. मुलाने ते गिळले तर उलटी, तोंडातून लाळ, घाम, चेहरा पांढरा पडणे, थरथर, मग झटके अशी लक्षणे येतात आणि ती लवकर येतात. घशात बोट घालून उलटी काढू नका. मीठ-पाणी पाजू नका. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या सरकारी रुग्णालयात जा, आणि बाटली बरोबर न्या. डॉक्टरांना बाटली दिसली की अर्धा वेळ वाचतो. दिल्लीच्या एम्समधले विषबाधा माहिती केंद्र १८००-११६-११७ या फुकट नंबरावर रात्रंदिवस सल्ला देते.

दुसरी बॅटरी. बंद पडलेली कांडी पोरे दगडाने फोडतात, कारण आतली बॅटरी काढून खेळण्याला लावता येते. ती दबली किंवा टोचली की पेट घेते, आणि लिथियमची आग साध्या निखाऱ्यासारखी नसते, ती फुटून उडते. कचऱ्याच्या ढिगात टाकून ढीग पेटवला तरी तेच. भंगार वेचणारी मुले आपल्याच वस्तीतली असतात. बंद कांडी घरात सापडली तर फोडू नका, जाळू नका, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. चार्जिंगच्या भोकावर चिकटपट्टी लावून वेगळी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, मोबाइलच्या जुन्या बॅटरीसारखी.

आपल्या घरातला खरा खर्च

इथे थोडे थांबून आपल्याकडे बघू. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातली १५ वर्षांवरची दर शंभरांतली सुमारे २७ माणसे तंबाखू घेणारी निघाली. त्यात ओढणारे चारच्या आत आणि खाणारे, मळणारे, मिश्री लावणारे २४ च्या वर. राज्यात २०१२ पासून गुटखा बंद आहे आणि २०२० पासून सुटी सिगारेट-विडी विकायलाही बंदी आहे. दोन्ही कुठे मिळतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. तोंडाचा कर्करोग झालेल्यांची ड्रेसिंगे मी केली आहेत, त्यात विडी ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू खाणारे जास्त होते. सकाळी हिरड्यांना मिश्री चोळणारी आई पोराच्या व्हेपवर ओरडली, तर पोरगा मनात काय म्हणेल? मिश्रीवर या पानात वेगळे लिहायचे आहे, म्हणून आज एवढेच.

मग त्या अठराशेचे करायचे काय

पोराला मी सांगितले, सोडायला लागणारी मदत बहुतेक फुकट आहे. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे. सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. मराठीत बोलता येते. पलीकडचा माणूस रागावत नाही, सोडायची तारीख ठरवून घेतो आणि पुढे स्वतः फोन करून विचारपूस करतो. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला तर मोबाइलवर संदेश येत राहतात. व्हेप, सिगारेट, तंबाखू, मिश्री, कशासाठीही विचारता येते, कारण आतला चोर एकच.

निकोटिनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर सवय घट्ट आहे, तेव्हा जोर किती घ्यायचा ते डॉक्टरांना विचारा. गरोदर बाई, हृदयाचा रुग्ण आणि अठरा वर्षांखालचे मूल यांनी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. तो साध्या च्युइंगमसारखा चघळत बसायचा नाही, लोक इथेच चुकतात आणि पोट बिघडले म्हणून सोडून देतात. थोडा चावायचा, जिभेला तिखट झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडा चावायचा, असे अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटे चहा नको. गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

पहिले दोन-तीन दिवस फार वाईट जातात. डोके दुखते, झोप उडते, घरच्यांवर खेकसायला होते. तलफ मात्र पाच-दहा मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी प्या, चालून या, बडीशेप चावा. तीन-चार आठवड्यांत शरीराची ओरड बसते. घरातल्यांनी त्या दिवसांत जुने भांडण उकरू नये, हे मी आयांना मुद्दाम सांगते.

लहान मुलाच्या दप्तरात कांडी सापडली तर आधी मारू नका. कुठून आणली, किती दिवस झाले, हे शांतपणे विचारा. मारले की उत्तर मिळत नाही, फक्त लपवायची जागा बदलते. विकणाऱ्याचे नाव कळले तर चार आया मिळून मुख्याध्यापकांकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखूची कोणतीही वस्तू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. अर्जात त्याचाही उल्लेख करा.

पोराने अठराशे रुपयांचे किट घेतले नाही. एका डब्यात रोजचे १२० रुपये टाकायचे ठरवले. हे लिहिते त्या दिवशी त्याचा तेविसावा दिवस आहे. मध्ये दोनदा घसरला, एकदा मित्राच्या लग्नात आणि एकदा रात्रपाळीत, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पुन्हा डब्याकडे आला. च्युइंगमचे पैसे वजा जाऊन डब्यात सतराशे जमले आहेत. धाकट्याला दहावीची पुस्तके आतापासून घ्यायची म्हणतो. त्याचा मित्र पुन्हा काही आला नाही. त्याला निरोप धाडला आहे.